सूरसागरचं म्युरल काढताय? मग आधी भिंतीतलं पाणी बघा

प्रश्न थोडक्यात असा की बडोद्याच्या दांडिया बाजारात मंडळाच्या शेजारी एक जुनी बिल्डिंग आहे, खालचे दोन मजले विटा-चुन्याचे, तिसरा मजला नंतर चढवलेला सिमेंटचा, रस्त्याकडची भिंत पूर्ण कोरी, मालक तयार आहेत आणि मंडळाला दिवाळीनंतर तिथे सूरसागरचं, म्हणजे आपल्या तलावाचं, मोठं चित्र करायचंय. पेंटरभाई म्हणतात वरून क्लीअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारला की दहा वर्षं बघायला नको. भिंतीला खाली थोडी ओल आहे पण "रंग लागला की झाकली जाईल". आणि शेवटी विचारलंय की कीर्तिमंदिरातली चित्रं इतकी वर्षं टिकली तर आमचं का नाही टिकणार.

शेवटच्यापासून सुरू करतो. कीर्तिमंदिर, गायकवाडांचं स्मारक, सयाजीराव महाराजांनी १९३६ मध्ये बांधून घेतलं आणि शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोसांनी तिथल्या भिंती १९३९ ते १९४६ या काळात रंगवल्या, गंगावतरण, मीरा, महाभारताचं युद्ध, नटीर पूजा, बडोद्यात राहून ज्यांनी अजून बघितलं नसेल त्यांनी आधी ते बघून यावं आणि मगच म्युरलच्या गप्पा माराव्यात. पण ती चित्रं आत आहेत हो! डोक्यावर छप्पर, ऊन नाही, पाऊस नाही, कोणी सायकल टेकवत नाही. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याचंही तेच, भिंतीभर चित्रं आहेत पण खोल्यांच्या आत. तुमची भिंत मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत उभी राहणार, मग जूनपासून चार महिने धुतली जाणार, परत वर्षभर रिक्षाचा धूर खाणार. बाहेरच्या भिंतीशी तुलना करायची तर चित्रकार के. जी. सुब्रमण्यन सरांची करा, आपल्या युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्सला त्यांनी कित्येक वर्षं शिकवलं, त्यांनी शांतिनिकेतनात कला भवनच्या बाहेरच्या भिंतींवर काळं-पांढरं म्युरल केलं आणि ते खराब झाल्यावर पुढे वय झालेलं असताना स्वतः परांचीवर चढून पुन्हा केलं. एवढा मोठा माणूसही बाहेरची भिंत एकदा रंगवून मोकळा झाला नाही. तेव्हा "दहा वर्षं बघायला नको" हे वाक्य डोक्यातून काढा, दर दोन-तीन वर्षांनी बघायलाच लागेल.

आता क्लीअर कोट. पेंटरभाईंचं म्हणणं नव्या सिमेंटच्या कोरड्या भिंतीवर निम्मं खरं आहे, तुमच्या भिंतीवर ते सरळ नुकसान करणारं आहे. चुन्याची भिंत श्वास घेते, म्हणजे भिंतीच्या पायातून, गच्चीवरून, पाइपमधून जे पाणी आत शिरतं ते वाफ होऊन तोंडाकडून बाहेर पडतं. तिच्यावर प्रायमर, दोन हात अॅक्रिलिक, चित्राचे थर आणि वर चकचकीत क्लीअर कोट एवढं चढवलं की पाण्याला बाहेर पडायची वाट राहत नाही, ते रंगाच्या मागे साचतं, सोबत खार, म्हणजे क्षार, घेऊन येतं, खाराचे स्फटिक रंगाच्या पाठीमागे फुलतात आणि रंगाला आतून ढकलतात. एक-दोन पावसाळ्यांनी फुगे, मग पोपडे. लोक म्हणतात पावसाने रंग गेला, पाऊस समोरून आलेला नसतोच, तो मागून आलेला असतो. वरून अशा क्लीअर कोटला उन्हात पिवळट झाक येते, आणि तो एकदा बसला की त्याखालचं चित्र दुरुस्त करायचं म्हटलं तरी नवा रंग धरत नाही.

म्हणून पहिलं काम ब्रशचं नाही. पावसाळा संपता संपता भिंतीसमोर उभे राहा आणि ओल कुठे कुठे आहे ते खडूने आखून घ्या, फोटो काढा, पंधरा दिवसांनी परत बघा. जिथे ओलीची रेघ जमिनीपासून दोन-तीन फुटांवर आडवी चालते ती पायातून चढणारी ओल. जिथे वरून जिभेसारखी खाली उतरते ती गच्चीची, पन्हाळीची किंवा फुटक्या पाइपची. आणि एखाद्या खिडकीखालीच असेल तर एसीचं पाणी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा तुमच्या गल्लीत कुठवर होतं तेही आठवा, पुराचं पाणी बसलेल्या भिंतीत खार खूप काळ राहतो. जिथे शंका असेल तिथे दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी काढा, आतून घाम आला असेल तर ती जागा रंगवायला तयार नाही, विषय संपला. पांढरा खार आला असेल तर कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, धुतला की तो विरघळून परत आत जातो आणि पुन्हा वर येतो. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे भिंतीच्या माथ्यावर पुढे आलेला छज्जा किंवा कोपिंग, खालून पाणी तोडणारी खाच असलेलं. तेवढं नसेल तर वरचं सगळं पाणी चित्राच्या अंगावरून ओघळतं आणि काळे पट्टे पाडतं, मग सूरसागरच्या आकाशातून डांबर गळल्यासारखं दिसतं.

रंगाचं म्हणाल तर चुन्याच्या भागासाठी माझी पसंती सिलिकेट रंगांना आहे, पोटॅशियम सिलिकेटवाले, जर्मनीत काइम नावाच्या माणसाने १८७८ मध्ये पेटंट घेतलेलं हे तंत्र. हा रंग भिंतीवर कातडीसारखा बसत नाही, चुन्या-सिमेंटशी रासायनिक जोड करून तिच्यातच मुरतो, त्यामुळे वाफ बाहेर जाते आणि पोपडा धरायला काही राहतच नाही. पण दोन अटी आहेत. जुना डिस्टेंपर, जुनं इमल्शन सगळं खरवडून मूळ भिंतीपर्यंत जायला लागतं, नाहीतर तो धरत नाही. आणि रंगांची पेटी छोटी होते, मातीचे, लोखंडाचे, क्रोमचे असे खनिज रंगच चालतात. महाग आहे, मागवायला लागतो, कारागीर मिळत नाहीत, हे सगळं खरं. नाहीच जमलं तर शंभर टक्के अॅक्रिलिक बाहेरचं इमल्शन मॅट फिनिशमध्ये घ्या, चकचकीत नको, थर कमीत कमी ठेवा, आणि क्लीअर कोट खालच्या हाताच्या उंचीएवढ्या भागापुरताच, तोही भिंत तिथे पूर्ण कोरडी असेल तरच. सिमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर इमल्शन बिनधास्त चालेल, फक्त नवीन प्लास्टर केलं तर अठ्ठावीस दिवस पाणी मारून-वाळवून मगच प्रायमर, घाई केली तर सिमेंटचा अल्कली रंग खातो.

आता ते दोन मजले आणि तिसरा मजला जिथे भेटतात तिथे तुम्हाला आडवी भेग असणारच, प्रश्नात लिहिलं नाहीये पण असणार. चुना आणि सिमेंट उन्हात वेगवेगळं हलतात. ती भेग व्ही आकारात उघडून लवचिक सीलंट भरा, वर फायबरची जाळी लावा, तरीही काही वर्षांनी केसाएवढी परत दिसेल. तिच्याशी भांडू नका, चित्रात घ्या. समोरचा काठ, तलावाची दगडी कठडा-भिंत जिथे पाण्याला टेकते ती रेघ बरोबर त्या भेगेवर आणा. मग खाली दोन मजले नुसतं पाणी आणि वर तिसऱ्या मजल्यावर काठ, घरं, आकाश. भेग आली तरी ती काठाची रेघ वाटेल. आणि यात अजून एक फायदा आहे, काठ एवढा वर गेला की आपण गच्चीवरून खाली तलावाकडे बघतोय असं दिसतं, जे आपल्या गावात सगळ्यांनी उत्तरायणला, संक्रांतीचे पतंग उडवताना, बघितलेलं आहे. ड्रॉइंग करायच्या आधी तुमच्यातल्या दोघा-तिघांनी खरंच एखाद्या उंच गच्चीवर चढा आणि तिथून काय दिसतं ते बघा, गुगलवरचे फोटो बहुतेक कठड्याच्या उंचीवरून काढलेले असतात, ते या भिंतीला बसणार नाहीत.

पाणी कसं काढायचं यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण तलावाची म्युरल्स बहुतेक इथेच पडतात. निळा रोलर फिरवायचा, वर पांढऱ्या लाटा आणि तलावातल्या शंकराच्या मूर्तीचं उलटं चित्र खाली चिकटवायचं, झालं पाणी. सूरसागरचं पाणी निळं नाहीये. कठड्याला टेकून सरळ खाली बघा, हिरवट, काळपट, जड दिसतं, कारण सरळ खाली बघताना पाणी फार थोडा उजेड परत फेकतं, बाकीचं आत जातं, म्हणून पाण्याचा स्वतःचा रंग दिसतो. नजर हळूहळू वर नेत समोरच्या काठाकडे न्या, तेच पाणी उजळ होत जातं आणि लांब गेल्यावर नुसतं आकाश दिसतं. तेव्हा भिंतीच्या तळाला गडद हिरवा आणि वर काठाकडे जाताना फिकट, राखाडी-निळसर, हा उतार आधी नीट जमवा, एकही लाट न काढता ते पाणी वाटायला लागेल. लाटा काढायच्याच तर खाली मोठ्या आणि विरळ, वर जाताना बारीक आणि दाट होत शेवटी नुसत्या आडव्या रेघा.

आणि प्रतिबिंब म्हणजे उलटी फोटोकॉपी नव्हे. उजळ वस्तूचं प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा थोडं गडद येतं आणि गडद वस्तूचं थोडं उजळ, दोन्ही पाण्याच्या रंगाकडे सरकतात. पाणी हलत असेल तर प्रतिबिंब रुंदीला फारसं पसरत नाही, उभं लांबतं, तुटक तुटक होऊन आपल्याकडे येतं. तलावाच्या मधोमध उभी असलेली शंकराची मूर्ती पाण्यात पूर्ण दिसेल, पण काठापासून मागे असलेल्या इमारती पाण्यात तेवढ्या दिसत नाहीत, कठडाच त्यांना झाकतो, फक्त वरचे भाग डोकावतात. हे एवढं बरोबर असलं की बघणाऱ्याला कारण कळत नाही पण खरं वाटतं, आणि चुकलं की त्यालाही कारण कळत नाही पण चित्र कॅलेंडरसारखं दिसतं.

रंग निवडताना काय उडतं ते आधी बघा. छटा आणायला मिसळतात त्या स्टेनर बाटलीतले पिवळे, गुलाबी, जांभळे उन्हात सगळ्यात आधी जातात, आणि पांढऱ्यात मिसळून फिके केले की अजून लवकर. म्हणून गुलाबी-केशरी संध्याकाळचं आकाश हा सगळ्यांचा आवडता बेत पश्चिमेकडच्या भिंतीवर दोन उन्हाळ्यांत राखाडी होतो. निळ्यात पिवळा मिसळून केलेला हिरवाही फसवतो, पिवळा उडतो आणि झाडं निळी होतात, तुम्ही हायवेवरच्या जुन्या बोर्डांवर बघितली असतील. हिरव्यासाठी क्रोमियम ऑक्साइड घ्या, किंवा निळ्यात पिवळा आयर्न ऑक्साइड. आकाशात लाली हवीच असेल तर लाल ऑक्साइड पांढऱ्यात अगदी थोडा, गेरूसारखी झाक येते आणि टिकते. दुकानदाराला रंगाचं नाव नाही, पिगमेंट म्हणजे आतली रंगपूड कोणती ते विचारा, त्याला माहीत नसेल तर डब्यावर किंवा शेडकार्डावर बाहेरच्या वापरासाठी आहे का ते तरी बघा.

सोन्याचा मुद्दा यात येणारच. तलावातल्या त्या शंकराच्या, म्हणजे सर्वेश्वर महादेवाच्या मूर्तीला आता सोनं आहे, २०२३ च्या महाशिवरात्रीला लोकार्पण झालं, त्यामुळे मंडळातले सगळे म्हणणार गोल्डन पेंट मारा. मारू नका. बाजारातला सोनेरी रंग म्हणजे बहुतेक पितळेची पूड असते, उघड्यावर ती काळवंडते, तपकिरी-हिरवी होते. सोनं चकाकीने नाही, उजेड-सावलीच्या फरकाने दिसतं. गडद बाजूला जळका तपकिरी, मध्ये गेरू आणि पिवळा ऑक्साइड, उन्हाच्या बाजूला फिकट पिवळा आणि अगदी दोन-चार ठिकाणी जवळजवळ पांढरा, कडा तीक्ष्ण ठेवून. रस्त्याच्या पलीकडून बघा, डब्यातल्या सोन्यापेक्षा जास्त सोनं दिसेल.

इथे एक विचारायला हवं, तुम्हाला कुठला सूरसागर काढायचाय? कारण मूर्ती तिथे कायमची नव्हती, तिचं काम १९९६ ला सुरू होऊन २००२ ला पूर्ण झालं. त्याआधीचा मोकळ्या पाण्याचा सूरसागर ज्यांनी बघितलाय ती पिढी तुमच्या गल्लीत अजून आहे. आणि फार पूर्वी याला चंदन तलाव म्हणायचे. गणपती विसर्जनाचा सूरसागर वेगळा, कोर्टाची जुनी इमारत न्यायमंदिर १८९६ मध्ये उभं राहिलं तेव्हाचा वेगळा. सगळे काळ एकाच भिंतीत कोंबले की ते नगरपालिकेच्या झांकीसारखं होतं. माझं मत विचाराल तर एकच वेळ निवडा, एकच दिवस, पावसाळ्यानंतरची सकाळ वगैरे, आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या लोकांना एक संध्याकाळ ओट्यावर बसवून विचारा की काठावर काय काय असायचं. काकू-आजी जे सांगतील ते कुठल्या फोटोत मिळणार नाही. एक गोष्ट मात्र मी नाही काढणार, पाण्यात हसणाऱ्या मुलांची बोट. जानेवारी २०२४ मध्ये हरणी तलावावर शाळेच्या सहलीची बोट उलटून मुलं आणि शिक्षिका गेल्या, हे शहर ते विसरलेलं नाही, आणि तलाव दुसरा असला तरी बघणाऱ्याला तेच आठवणार.

खालच्या चार फुटांचं काय? पानाच्या पिचकाऱ्या, क्लासेसची पोस्टरं, बाइकची हँडलं आणि अजून जे काय रात्री होतं ते. लोक टाइल्सवर देवाचे फोटो लावतात, मला ते आवडत नाही, देवाला पहारेकरी करून ठेवायचं कशाला, आणि मूर्तीचं प्रतिबिंब असो की काही, देवाचं काहीही एवढ्या खाली आणूच नका. त्यापेक्षा तळाच्या पट्ट्यात चायना मोझॅक करा, फुटलेल्या ग्लेझ्ड टाइल्सचे तुकडे, गडद हिरवे, काळपट, मधे एखादा फिकट, आडवे बसवलेले. गुजरातेत गच्च्यांवर हे काम करणारे कारागीर अजून मिळतात. चित्रात ती जागा अगदी जवळच्या पाण्याची आहे, आपण मगाशी म्हटलं ती गडद, त्यामुळे ते पाणीच वाटेल, आणि पाइप मारून धुता येईल. पण पायातून ओल चढत असेल तर हे आत्ता करू नका. टाइल लावली की ओल थांबत नाही, टाइलच्या मागून वर चढते आणि बरोबर टाइलच्या वरच्या कडेला चित्र फोडते. आधी भिंतीच्या तळाशी भोकं पाडून ओल अडवणारं डॅम्पप्रूफिंगचं इंजेक्शन करून घ्या, एक पावसाळा जाऊ द्या, मग मोझॅक. तोवर तो पट्टा साधा चुन्याचा रंग मारून ठेवला तरी चालेल, दरवर्षी मंडळाची पोरंच मारतील.

वेळ दिवाळीनंतरची धरलीय ते बरोबर आहे. फक्त दोन गोष्टी, थंडीत सकाळी भिंतीवर दव असतं, हात फिरवून कोरडी वाटल्याशिवाय डबा उघडू नका, आणि उत्तरायणच्या आधीचा आठवडा आणि ते दोन दिवस परांचीवर कोणालाही चढवू नका. मांजा गळ्याशी येतो, दोऱ्यांत अडकतो, आणि पतंग पकडायला पोरं परांचीवर चढतात, हे सगळ्यात भीतीदायक. फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत आटपा, एप्रिलमध्ये भिंत एवढी तापते की रंग ब्रशवरच सुकतो. ड्रॉइंग भिंतीवर उतरवायला प्रोजेक्टर रात्री चालतो पण दांडिया बाजारात समोर तेवढी मोकळी जागा आणि अंधार मिळणं कठीण, त्यापेक्षा गेरूच्या दोरीने चौकटी मारा, एका चौकटीला कागदावरची एक चौकट, जुनी पद्धत आहे पण चुकत नाही. आणि सारखं खाली उतरून रस्त्याच्या दोन्ही टोकांवरून बघत राहा, कारण तिथून जाणारा माणूस समोर उभा राहून बघत नाही, तो स्कूटरवर बाजूने बघत जातो.

कागदपत्रांत मालकाचं लेखी संमतीपत्र आणि कॉर्पोरेशनची परवानगी हे तर कराच. तुमची भिंत रावपुऱ्याच्या बाजूला सरकत असेल तर तांबेकर वाडा पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे हे लक्षात घ्या, अशा स्मारकापासून शंभर मीटरमध्ये बांधकामाला बंदी आणि डागडुजीलाही परवानगी लागते, पुढच्या दोनशे मीटरमध्येही नियंत्रण आहे. नुसता रंग लावणं म्हणजे बांधकाम नाही, पण प्लास्टर खरवडून नवं करणार असाल तर आधी विचारून घ्या. आणि चित्रकाराशी करार करताना हे चित्र पुढे पुसायचं, बदलायचं किंवा त्यावर जाहिरात लावायची तर कोणाला विचारायचं ते लिहून ठेवा. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं म्युरल सरकारने १९७९ मध्ये काढून टाकलं, ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ खाली, पाच लाखांची भरपाईही दिली. विकत घेतलं म्हणजे मोडायचाही हक्क मिळाला असं नसतं, मालकांना हे आधीच सांगितलेलं बरं.

बजेट काढताना पेंटरभाईंकडून एक आकडा घेऊ नका, भिंतीची दुरुस्ती, परांची, रंग, चित्रकाराची फी असे वेगवेगळे आकडे मागा, मग कुठे काटकसर चालेल ते दिसतं, आणि ती भिंतीच्या दुरुस्तीत तर अजिबात चालत नाही. पैसे कमी पडले तर चित्र छोटं करा, तिसरा मजला सोडून द्या हवं तर. वर्गणीतला काही भाग बाजूला बँकेत ठेवा, दर दिवाळीला मऊ ब्रशने धूळ काढायला आणि दोन-तीन वर्षांनी टचअपला. उरलेले रंग घट्ट झाकण लावून, डब्यावर शेड नंबर आणि तारीख लिहून मंडळाच्या कपाटात ठेवा, आणि प्रत्येक रंगाचा एकेक पट्टा जाड कागदावर मारून अंधाऱ्या फाइलमध्ये, म्हणजे पुढे ज्याला टचअप करायचाय त्याला मूळ हिरवा कोणता होता ते भिंतीला विचारायला लागणार नाही. ओलीचे फोटो काढलेत की इथेच टाका, जमिनीपासून माथ्यापर्यंत एकच सलग आणि प्रत्येक डागाचा एकेक जवळून, मग चुन्याच्या भागाला सिलिकेट परवडेल का इमल्शनच बरं ते नीट सांगता येईल.